मुलीला शिकवायचंय ना? मग सही करा!



आमच्या सल्ला केंद्रात सोमवारी दुपारी ज्या बायका येतात, त्या बहुधा मारहाणीच्या, पोटगीच्या, नाहीतर रेशनकार्डावरून उडालेल्या नावाच्या तक्रारी घेऊन येतात. २०२२ च्या पावसाळ्यात एक ताई आली ती कापडी पिशवीत एक खोका घेऊन. टेबलावर खोका ठेवून म्हणाली, "मॅडम, हे परत कुठं देता येईल?" आत एक टॅब्लेट, चार रंगीत वह्या आणि अंक-अक्षरांच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा एक खेळ होता. टॅब्लेटच्या काचेवरची पातळ फिल्मसुद्धा अजून काढलेली नव्हती.

ताई चार घरी स्वयंपाक करते. महिन्याला अकरा हजारांच्या आसपास मिळतात. मुलगी पाचवीत. शेजारच्यांच्या फोनवर मुलीने एक 'मोफत परीक्षा' दिली आणि त्यात ताईचा नंबर भरला. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. रविवारी टाय लावलेला एक तरुण घरी आला. त्याने मुलीला अपूर्णांकांचे चार प्रश्न विचारले. तिला दोन आले नाहीत. दारात शेजारणी उभ्या होत्या. मग तो ताईला म्हणाला, "ताई, तुम्ही शिकला नाहीत म्हणून आज लोकांच्या घरी राबताय. मुलीनंही तेच करायचं का?" ताईने फोनवर आलेला ओटीपी सांगितला. अठरा हप्ते, दर महिन्याला तेवीसशे रुपये. नवऱ्याला सांगायचे नाही, असे तिने मनाशी ठरवले होते. तिसरा हप्ता बाउन्स झाला, वसुलीचा फोन नवऱ्याला गेला, आणि त्या रात्री त्याने तिला मारले. म्हणजे खोका घेऊन आलेली बाई शेवटी मारहाणीचीच तक्रार घेऊन आली होती. ती बाहेर निघायला मात्र पाऊण तास लागला.

एमएसडब्ल्यूला आम्हाला केसवर्क शिकवले, घरभेट कशी घ्यावी हे शिकवले, कायदे शिकवले. बाईच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप पैसे ओढून नेणाऱ्या ऑटो डेबिटबद्दल कुणी काही शिकवले नव्हते. ते मी त्या खोक्यामुळे शिकले.

त्या कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण ताईची तशी इच्छा नाही. पण या धंद्यातल्या सर्वात मोठ्या कंपनीची गोष्ट आता जाहीर आहे. ती वृत्तपत्रांत आली आहे, न्यायाधिकरणापुढेही आली आहे. ती कंपनी म्हणजे बायजूज. (ताईच्या घरी आलेला माणूस बायजूजचा नव्हता, हे स्पष्ट केलेले बरे.) तिचा हिशेब नीट वाचला की ताईच्या दारापर्यंत तो टायवाला तरुण कसा पोचला, याचा उलगडा होतो.

बायजू रवींद्रन हे 'कॅट' या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेची शिकवणी घेणारे शिक्षक. चांगले शिकवत, यात वाद नाही. २०११ मध्ये त्यांनी आणि दिव्या गोकुलनाथ यांनी बंगळुरूमध्ये थिंक अँड लर्न ही कंपनी काढली. २०१५ मध्ये अ‍ॅप आले. तिथून पुढे ग्राहकाचे वय कसे खाली सरकत गेले ते पाहा. आधी पदवीधर, मग वरच्या वर्गांतली मुले, मग चौथी-पाचवी. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने ऑस्मो ही अमेरिकेतली शैक्षणिक खेळण्यांची कंपनी बारा कोटी डॉलरना विकत घेतली. टॅब्लेट एका स्टँडवर उभा करायचा, कॅमेऱ्यावर छोटा आरसा बसवायचा. मूल टेबलावर अक्षरांचे, आकड्यांचे तुकडे मांडते आणि पडद्याला ते 'दिसतात'. कल्पना खरोखरच गमतीची आहे. त्याच वर्षी डिस्नेशी करार करून पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी अ‍ॅप आले. चार-पाच वर्षांत धंदा नोकरी शोधणाऱ्या तरुणापासून सहा वर्षांच्या पोरापर्यंत उतरला.

याचे व्यापारी कारण उघड आहे. लहानपणी पकडलेला ग्राहक बारावीपर्यंत टिकतो. पण बाईच्या बाजूने पाहिले की आणखी एक कारण दिसते. कॅट देणारा मुलगा स्वतः ठरवतो, स्वतः पैसे जमवतो. बारावीच्या मुलाचा निर्णय बहुतेक घरांत बाप घेतो. सहा वर्षांच्या मुलाचा अभ्यास मात्र आईचा. गृहपाठ आईने घ्यायचा, पालकसभेला आईने जायचे, आणि मूल मागे पडले तर बोलणी आईने खायची. म्हणजे ग्राहकाचे वय जसजसे खाली आले, तसतसा विक्रेत्याच्या समोरचा माणूस बदलत गेला, आणि शेवटी समोर उरली आई. तिच्या मनात आधीच असलेली अपराधीपणाची भावना हा या धंद्याचा कच्चा माल आहे. तो खाणीतून काढावा लागत नाही. आपल्या समाजाने तो घराघरांत आयता तयार करून ठेवलेला आहे.

ही रीत काही बायजूजने शोधलेली नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात ज्युली एग्नर-क्लार्क या माजी शिक्षिकेने घरच्या घरी तान्ह्या मुलांसाठी व्हिडिओ बनवले, नाव दिले 'बेबी आइन्स्टाइन'. २००१ मध्ये डिस्नेने ती कंपनी घेतली. बाळ कुशाग्र होईल या आशेने आयांनी त्या फिती विकत घेतल्या. ग्राहक-पालकांच्या एका संघटनेने २००६ मध्ये तक्रार केली, पाठपुरावा सोडला नाही, आणि २००९ मध्ये डिस्नेला पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापुढे बसवू नका, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १९९९ पासूनच सांगत होती. पण तिथे एका फितीची किंमत सोळा डॉलर होती. फसलेल्या आईचे पैसे गेले, तिच्या डोक्यावर कर्ज राहिले नाही. आपल्याकडे या रीतीला कर्जाची जोड मिळाली आणि फरक तिथे पडला.

हे कर्ज कसे चालते ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या गटातल्या बहुतेक जणी त्याला 'शाळेची फी हप्त्याने' एवढेच समजतात. फीची रक्कम एक वित्त कंपनी शिक्षण विकणाऱ्या कंपनीला सुरुवातीलाच देऊन टाकते. विक्रेत्याचा हिशेब तिथेच पुरा होतो. मूल शिकले काय, खोका कपाटावर गेला काय, त्याला पैसे मिळालेले असतात. आईचे नाते उरते ते जिचे नावही तिने कधी ऐकलेले नाही अशा वित्त कंपनीशी. तास बंद पडले, शिक्षक फिरकले नाहीत, तरी ती कंपनी म्हणते, "ते त्यांच्याशी बोला, आमचा हप्ता द्या." शिवाय हप्ता चुकला की सिबिल खराब होते. आमच्या ताईला पुढच्या वर्षी गटातून सूक्ष्मवित्त कंपनीचे कर्ज हवे होते, धाकट्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. त्या कंपनीच्या पडद्यावर तिचे नाव लाल झालेले होते. ज्या गटात ती दहा वर्षे नियमित पैसे भरत आली, त्या गटातल्या मैत्रिणींसमोर तिला हे कळले.

विक्रेत्याला इतकी घाई का असते, तेही या मोठ्या कंपनीच्या हिशेबात दिसते. गुंतवणूकदारांचा पैसा येत राहायचा तर दर तिमाहीला वाढ दिसली पाहिजे. वाढ म्हणजे नवे ग्राहक. नवे ग्राहक म्हणजे विक्रेत्यांवर आकड्यांचा दबाव, आणि तो दबाव शेवटी उतरतो कुणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत. २०१७ पासून शाहरुख खान जाहिरातीत, २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावर कंपनीचे नाव, २०२२ मध्ये फुटबॉलच्या विश्वचषकाचे प्रायोजकत्व. त्याच वर्षी कंपनीचे मूल्य बावीसशे कोटी डॉलर धरले जात होते. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात दीड वर्ष उशिराने प्रसिद्ध झालेल्या हिशेबात २०२०-२१ चा तोटा साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक निघाला. ऑक्टोबरात अडीच हजार कर्मचाऱ्यांना काढण्याची घोषणा झाली, नोव्हेंबरात लिओनेल मेस्सी कंपनीचा सदिच्छादूत झाला.

विक्रीच्या पद्धतीबद्दल पालक आणि माजी कर्मचारी यांच्याशी बोलून बीबीसीने डिसेंबर २०२१ मध्ये वृत्त दिले. कंपनीने आरोप नाकारले. त्याच महिन्यात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना आवाहन केले की 'मोफत' म्हणून मिळणाऱ्या गोष्टी तपासा, आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका. वर्षभराने राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने बायजू रवींद्रन यांना समन्स काढले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये ठरले ते असे, की महिन्याला पंचवीस हजारांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना हे अभ्यासक्रम विकायचे नाहीत. ही बातमी मी केंद्रात मोठ्याने वाचली तेव्हा एक जण म्हणाली, "म्हणजे आत्तापर्यंत विकत होते!" यापेक्षा चांगले भाष्य मला सुचलेले नाही.

शेवट आपल्याला माहीत आहे. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५९ कोटींच्या थकबाकीवरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांचे एपिक हे अमेरिकन व्यासपीठ २०२१ मध्ये पन्नास कोटी डॉलरना घेतले होते, ते २०२५ मध्ये साडेनऊ कोटींना विकले गेले. मोठ्यांचे पैसे बुडाले, त्याची मोठी चर्चा झाली. ज्या आईचे वीस-पंचवीस हजार परत यायचे होते, ती त्या रांगेत कुठे उभी आहे, यावर मी एकही अग्रलेख वाचलेला नाही.

या गोष्टीत दुसऱ्या बाजूलाही बायकाच आहेत, हे सांगितले नाही तर लेख खोटा ठरेल. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने तीस कोटी डॉलर रोख देऊन व्हाइटहॅट ज्युनिअर ही मुंबईतली, मुलांना कोडिंग शिकवणारी कंपनी घेतली. तिच्या शिक्षकवर्गात फक्त स्त्रिया होत्या, हजारोंनी. इंजिनिअरिंग शिकून लग्नानंतर घरी बसलेल्या, मूल झाले म्हणून नोकरी सुटलेल्या. त्यांना घरबसल्या काम मिळाले, स्वतःच्या खात्यात पैसे आले, आणि मी अशा दोघींना ओळखते ज्या आजही त्या दिवसांबद्दल आनंदाने बोलतात. त्यांचा आनंद मी खोटा मानत नाही. पण काम कंत्राटी होते, मोबदला तासांवर होता, आणि अमेरिकेतल्या मुलांना शिकवायचे तर रात्री जागायचे, सकाळी उठून डबेही करायचे. नोकरीत पाळणाघर नाही, घरी कामाची वाटणी नाही. या दोन्ही 'नाहीं'वर ही सगळी स्वस्त, शिकलेली श्रमशक्ती उभी होती. एका बाजूला शिकलेल्या बाईची अडचण, दुसऱ्या बाजूला न शिकलेल्या बाईची लाज, आणि मधल्या जागेत नफा.

याच कंपनीच्या जाहिरातीत 'वुल्फ गुप्ता' नावाचा एक मुलगा होता. कोडिंग शिकला आणि त्याला गुगलमध्ये कोट्यवधींची नोकरी लागली म्हणे. त्याचे वय आणि पगार जाहिरातीगणिक बदलत होते. असा मुलगा नव्हताच. ऑक्टोबर २०२० मध्ये जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या. कंपनीवर टीका करणाऱ्या एका तंत्रज्ञावर वीस कोटींचा अब्रुनुकसानीचा दावाही लावला, आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला.

आता मला जे सर्वात टोचते ते सांगते. टायवाल्या तरुणाने ताईला जे वाक्य ऐकवले, ते वाक्य आपलेच आहे. "आई शिकली नाही म्हणून राबते, निदान मुलगी शिकू दे," हे आपण पथनाट्यांत म्हटले, गटांच्या बैठकांत म्हटले, आमच्या केंद्राच्या भिंतीवरही 'मुलगी शिकली, प्रगती झाली' असे मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. १८४८ पासूनचा हा वारसा आहे आणि तो आपण सोडणार नाही. पण आपण ते म्हणताना बाईला ताठ उभे करण्यासाठी म्हणत होतो. विक्रेत्याने तेच वाक्य तिची मान खाली जावी म्हणून वापरले. शब्द तेच, आणि ताईला आपल्यात आणि त्याच्यात फरक ओळखू आला नाही. मी तिला विचारले, "तेव्हाच केंद्रात का नाही आलीस?" ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हीपण हेच सांगाल, घे म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

शैक्षणिक खेळण्यांना, तंत्रज्ञानाला आपला विरोध आहे असा अर्थ कुणी काढू नये. महाराष्ट्राला तर याची मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच शैक्षणिक साधने होती. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेऊ, हा विचार तिथला. अनुताई तर बालविधवा. शिक्षणाची किंमत त्यांना कुणा विक्रेत्याने शिकवायची गरज नव्हती. अलीकडे पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी करून ती सर्वांसाठी मोफत खुली केली. मूल हाताने काही करते तेव्हा शिकते, हे ऑस्मोच्या निर्मात्यांनाही ठाऊक होते. प्रश्न आरशाचा किंवा कॅमेऱ्याचा नाही. ते शिक्षण मुलापर्यंत कोण नेणार, आणि त्याचा खर्च कुणाच्या खात्यातून जाणार, हा आहे.

कारण सरकारने आपल्या बाजूने काय केले? १९७५ पासून अंगणवाड्या आहेत. लाखो बायका तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज सांभाळतात, शिकवतात. २०२३ मध्ये महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकेला महिन्याला दहा हजारांच्या आसपास मानधन होते. पगार नव्हे, मानधन. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ त्या संपावर होत्या. आणि तंत्रज्ञान म्हणून त्यांना काय मिळाले, तर माहिती भरायचे फोन. ते इतके कमकुवत होते की ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. वस्तीतल्या अंगणवाडीत खेळण्यांची पेटी रिकामी, आणि त्याच गल्लीत हप्त्यावरचा प्लॅस्टिकचा खेळ चाळीस हजारांच्या खोक्यात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कर्नाटकात गदग जिल्ह्यात एका आईने मुलांच्या धड्यांसाठी टीव्ही घ्यायला मंगळसूत्र गहाण टाकल्याची बातमी आली होती. सार्वजनिक शिक्षणाने जी जागा मोकळी सोडली, तिथेच विक्रेता येऊन बसला. त्याला दोष देताना हेही विसरून चालणार नाही.

ताईच्या प्रकरणात आम्ही जे केले आणि जे उशिरा कळले, ते इतर केंद्रांच्या उपयोगाचे आहे म्हणून लिहिते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार फोनवरून दिलेल्या कर्जात ठळक अटींचा कागद ग्राहकाला द्यावा लागतो, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येते. म्हणून खोका आल्याबरोबर, त्याच दिवशी, केंद्रात या असे बायकांना सांगा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असाही नियम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बाई राहते त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. बंगळुरूला किंवा मुंबईला जावे लागत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि तोंडी दिलेली आश्वासने टिकत नाहीत. विक्रेता बोलत असताना शेजारणीच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू असू द्या. ताईकडे असे काही नव्हते. त्यामुळे लेखी तक्रारी, तीन फेऱ्या आणि बऱ्याच बोलाचालीनंतर वित्त कंपनीने शेवटचे सहा हप्ते सोडले, बाकीचे तिने भरले. मारहाणीची तक्रार वेगळी नोंदवली आहे; नवरा आता तरी शांत आहे.

पुढच्या अंकात आपल्याला या हप्त्यांवर एक विभाग करायचा आहे. त्यासाठी आपापल्या गटात विचारा आणि लिहून पाठवा: काय विकत घेतले, कितीला, ओटीपी कुणाच्या फोनवर आला, सही किंवा अंगठा कुणाचा, घरात कुणाला माहीत होते, वस्तू आज कुठे आहे. नावे नकोत. बायका लगेच सांगणार नाहीत, हे लक्षात ठेवा. आमच्या वस्तीत पहिल्या बैठकीत एकही हात वर झाला नव्हता. बैठक संपल्यावर, चपला घालताना, पाच जणी मागे थांबल्या.